टपालानं मत देताना: न्यू जर्सीतल्या नव्या मराठी नागरिकांसाठी

अमेरिकन नागरिकत्वाची ओथ घेऊन घरी आलं की पहिल्या आठवड्यात दोन कामं हमखास होतात. अमेरिकन पासपोर्टचा अर्ज आणि ओसीआयची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाची, कागदपत्रं. समारंभात मिळालेला मतदार नोंदणीचा फॉर्म मात्र झेंड्याबरोबर त्या मोठ्या पाकिटातच राहून जातो. मग ऑक्टोबर आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "अहो, मंगळवारी मतदान आहे म्हणे. मी तर सकाळी पावणेसहाच्या गाडीनं न्यूयॉर्कला जातो, परत यायला साडेआठ वाजतात. मला कसं जमणार?"

न्यू जर्सीत मतदान केंद्रं सकाळी ६ ते रात्री ८ उघडी असतात आणि निवडणुकीच्या दिवशी बहुतेक खासगी कंपन्यांना सुट्टी नसते. अशा सगळ्यांसाठी टपाली मतदान आहे. इथे त्याला 'व्होट बाय मेल' म्हणतात. जुनं नाव 'अ‍ॅब्सेंटी बॅलट', म्हणजे गैरहजर मतदाराची मतपत्रिका. यादवी युद्ध चालू असताना १८६४ साली कित्येक राज्यांच्या सैनिकांनी छावणीतून मतं दिली होती, तेव्हापासून ही कल्पना या देशात आहे. न्यू जर्सीनं २००९ च्या कायद्यात नावच 'व्होट बाय मेल' करून टाकलं. आज इथे गैरहजर असण्याची अट नाही, आजारपण दाखवावं लागत नाही, कारणच द्यावं लागत नाही. नोंदणी झालेला कुणीही मतदार टपालानं मत देऊ शकतो.

गेली काही वर्षं मी ओळखीच्या कुटुंबांना हे फॉर्म भरायला मदत करते. माझं एकच सांगणं आहे. टपाली मत बाद होतं ते क्वचितच मतपत्रिकेमुळे. बहुतेक वेळा ते पाकिटामुळे होतं. सही राहिली, सही जुळली नाही, पाकीट बदललं, उशिरा पोचलं. म्हणून उमेदवारांचा अभ्यास जितका मन लावून कराल, तितकंच लक्ष पाकिटाकडे द्या.

आधी ग्रीन कार्डवाल्यांसाठी

हे मी दरवेळी सगळ्यात आधी सांगते, कारण यातली चूक सुधारत नाही. मत देण्याचा अधिकार फक्त अमेरिकन नागरिकाला आहे. ग्रीन कार्ड असलं, वीस वर्षं कर भरला असला, मुलं इथे जन्मलेली असली, तरीही नाही. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं किंवा राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यातून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० भराल तेव्हा त्यात सरळ विचारलेलं असतं की तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, कधी मत दिलं होतं का.

गडबड बहुधा मोटर व्हेईकल कमिशनच्या खिडकीवर होते. लायसन्सचं काम चालू असताना मतदार नोंदणीचाही प्रश्न येतो. मागे रांग असते, आपण घाईत असतो, समोरचा माणूस भराभर विचारतो आणि आपण 'येस, येस' करत जातो. ग्रीन कार्ड किंवा एच-वन असेल तर तिथे थांबा, वाचा, स्पष्ट नाही म्हणा आणि मगच सही करा. गावाहून येऊन नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेल्या आईबाबांबरोबर जात असाल तर तो प्रश्न त्यांना मराठीत समजावून सांगा.

आपल्यातला आणखी एक गोंधळ इथेच मिटवू या. अमेरिकन नागरिक झाल्यावर भारतात मत देता येत नाही. ओसीआय कार्डावर तो हक्क मिळत नाही. उलट ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, ते फॉर्म ६ए भरून भारतात परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालू शकतात. पण त्यांना टपालानं मत देता येत नाही; पासपोर्ट घेऊन आपल्या मतदारसंघातल्या केंद्रावर जावं लागतं. म्हणजे पुढे जे सांगते आहे ते फक्त अमेरिकन नागरिकांसाठी.

नोंदणी, आणि मग वेगळा अर्ज

पुष्कळांना वाटतं की एकदा नोंदणी केली की मतपत्रिका आपोआप घरी येईल. कॅलिफोर्नियात तसं होतं, तिथे प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला ती पाठवतात. न्यू जर्सीत ही दोन वेगळी कामं आहेत: आधी मतदार नोंदणी, मग टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज.

नोंदणी राज्याच्या निवडणूक विभागाच्या वेबसाइटवर होते, कागदी फॉर्मही चालतो. लायसन्सचा नंबर, तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लागतात. निवडणुकीच्या २१ दिवस आधी नोंदणी झालेली हवी. नाव लिहिताना आपल्याला एक अडचण येते, मधल्या नावाची. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर ते पूर्ण असतं, लायसन्सवर नुसतं अक्षर असतं, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर कधी नसतंच. काही बायकांचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. शक्यतो आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या. ते जमलं नसेल तर निदान नोंदणीत जसं लिहिलं तसंच टपाली अर्जात लिहा. नोंदणीत नाव कसं पडलंय ते राज्याच्या वेबसाइटवर शोधता येतं. अर्ज भरण्याआधी ते एकदा उघडून बघाच.

टपाली मतपत्रिकेचा अर्ज काउंटी क्लार्कच्या, म्हणजे आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) मतपत्रिकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जातो. एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे इथली मंडळी मिडलसेक्स काउंटीत येतात, जर्सी सिटीची हडसनमध्ये, ब्रिजवॉटरची सॉमरसेटमध्ये. प्रत्येक काउंटीचा फॉर्म वेगळा असतो, तेव्हा मैत्रिणीनं पाठवलेली पीडीएफ भरण्यापूर्वी वरचं काउंटीचं नाव वाचा. फॉर्म छापा, भरा, पेनानं सही करा, पाठवा.

फॉर्मवर एक चौकोन असतो: यापुढच्या सर्व निवडणुकांसाठी टपाली मतपत्रिका हवी. रोज न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी तो जरूर भरावा, दरवर्षी अर्जाची आठवण ठेवायला नको. मात्र एकदा टपाली मतपत्रिका मागितली की त्या निवडणुकीत केंद्रावर जाऊन मशीनवर मत देता येत नाही. तिथे गेलात तर 'प्रोव्हिजनल' मतपत्रिका हातात मिळते. तुमचं टपाली मत आलेलं नाही याची खात्री झाल्यावरच ती मोजतात. यादीतून नाव काढायचं असेल तर काउंटी क्लार्कला लेखी कळवावं लागतं.

मतपत्रिका कुठे पाठवायची तो पत्ता राहत्या पत्त्याहून वेगळा देता येतो. मुलगी रटगर्स विद्यापीठाच्या हॉस्टेलवर किंवा दुसऱ्या राज्यात शिकत असेल तर तिनं हॉस्टेलचा पत्ता द्यावा. पोस्टात पत्ताबदल दिलाय म्हणून मतपत्रिका नव्या घरी येईल, असं समजू नका. ती पुढे पाठवत नाहीत, परत जाते. घर बदललं असेल तर आधी नोंदणीतला पत्ता बदला.

फोन आणि ईमेलचा रकाना रिकामा सोडू नका. प्रचाराचे मेसेज येतील म्हणून बरेच जण तो टाळतात. पण सहीत काही गडबड निघाली तर तुम्हाला लवकर गाठायचा रस्ता तोच असतो.

तारखांचा हिशोब उलटा मांडायचा. नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक ३ तारखेला आहे. २१ दिवस मागे गेलं की १३ ऑक्टोबर, ही नोंदणीची शेवटची तारीख. टपालानं पाठवलेला अर्ज ७ दिवस आधी, म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत क्लार्ककडे पोचलेला हवा. स्वतः ऑफिसात गेलात तर आदल्या दिवशी, २ नोव्हेंबरला, दुपारी ३ पर्यंत अर्ज देता येतो. मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधीपासून, म्हणजे १९ सप्टेंबरच्या सुमारास रवाना व्हायला लागतात. २७ ऑक्टोबरची वाट बघू नका. गणपती आले की अर्ज टाकून द्या. मतपत्रिका नवरात्राच्या आसपास हातात येईल आणि दिवाळीच्या धांदलीआधी काम संपलेलं असेल.

जूनमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक, असते. तिथे पक्ष निवडावा लागतो आणि एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी कळवावं लागतं. नवख्यांनी सुरुवात नोव्हेंबरपासून केली तरी हरकत नाही.

पाकीट आल्यावर

जाहिरातींच्या गठ्ठ्यात ते हरवू देऊ नका. जेवणाचं टेबल पुसून कोरडं करा, पाणी-चहा दूर ठेवा, मग उघडा. आत साधारण चार गोष्टी निघतात: मतपत्रिका, सूचनांचा कागद, एक आतलं पाकीट आणि एक बाहेरचं पाकीट. आतल्या पाकिटाला कागदाची एक लांब पट्टी जोडलेली असते. ती पट्टी म्हणजे मतदाराचं प्रमाणपत्र. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि सहीची जागा असते.

घरात दोन मतदार असतील तर दोन पाकिटं एकाच वेळी उघडू नका. एका ओळखीच्या जोडप्यानं शनिवारी रात्री टेबलावर समोरासमोर बसून दोघांच्या मतपत्रिका भरल्या आणि पाकिटांची अदलाबदल झाली. नवऱ्याच्या नावाच्या पट्टीवर बायकोची सही, बायकोच्या पट्टीवर नवऱ्याची. पाकीट चिकटवल्यावर एकाच्या लक्षात आलं. मतदानाला अजून तीन आठवडे होते म्हणून क्लार्कच्या ऑफिसात फोन करून नव्या मतपत्रिका मागवता आल्या. शेवटच्या आठवड्यात हे झालं असतं तर निस्तरणं फार अवघड गेलं असतं. एकानं पूर्ण भरून, सही करून, चिकटवून बाजूला ठेवावं, मग दुसऱ्यानं आपलं उघडावं.

मतपत्रिकेवर काळ्या किंवा निळ्या शाईनं लंबगोल पूर्ण भरायचा. टिक नाही, फुली नाही, नावाभोवती वर्तुळ नाही. कागद उलटून बघा. मागच्या बाजूला शाळा मंडळाचे उमेदवार किंवा सार्वजनिक प्रश्न असतात आणि ते सर्रास रिकामे राहतात. शाळा मंडळ तर आपल्या मुलांच्या रोजच्या आयुष्याशी बांधलेलं आहे. एखाद्या पदाखाली तीन जणांना मत द्या असं लिहिलं असेल तर तीनपर्यंत देता येतात, दोन दिली तरी चालतात. पण चार लंबगोल भरले तर त्या पदाची सगळी मतं जातात. सगळी पदं भरलीच पाहिजेत असं नाही. ज्यांची माहिती नाही ती जागा सोडा, बाकीचं मत मोजलं जातंच.

चूक झाली तर खाडाखोड करू नका. काउंटी क्लार्कला फोन करा, बदली मतपत्रिका मिळते.

सही

आता या सगळ्यातली सर्वांत नाजूक गोष्ट. पट्टीवरची सही तुमच्या नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. आपल्या लोकांच्या बाबतीत इथे खरी अडचण येते. कित्येकांच्या दोन सह्या असतात. बँकेची आणि जुन्या भारतीय पासपोर्टची मराठी सही, सरळ देवनागरीत, आणि ऑफिसची इंग्रजी. त्यात मोटर व्हेईकलच्या काचेच्या पाटीवर त्या जाड पेनानं केलेली सही म्हणजे नुसती वेडीवाकडी रेघ, आणि नेमकी तीच नोंदणीत जाऊन बसलेली असते.

माझ्या सासूबाईंचं मत अशाच कारणानं अडकलं होतं. नोंदणी करताना त्यांनी इंग्रजीत सही केली होती आणि पट्टीवर, सवयीनं, देवनागरीत. काही दिवसांनी पत्र आलं. ते हातात घेऊन त्या एवढ्या घाबरल्या की आपल्या हातून गुन्हा घडलाय असंच त्यांना वाटलं. तसं काही नसतं. सही जुळली नाही किंवा राहिली तर काउंटीचं निवडणूक मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ इलेक्शन्स, मतदाराला कळवतं आणि सोबत दुरुस्तीचा फॉर्म येतो. तो भरून, लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहून, सही करून त्या पत्रातल्या मुदतीत परत द्यायचा. आम्ही त्याच दिवशी नेऊन दिला आणि मत मोजलं गेलं. असं पत्र आलं तर टाकून देऊ नका, घाबरूही नका.

सही कुठल्या भाषेत आहे याला महत्त्व नाही, ती नोंदणीतल्या सहीसारखी हवी एवढंच. घरातल्या प्रत्येकानं नोंदणीला कुठली सही केली ते एकदा आठवून ठेवा. ज्येष्ठांची सही वयानं, हात थरथरल्यानं बदलते. तसं असेल तर नोंदणीचा फॉर्म नव्यानं भरून सही अद्ययावत करून घ्या, निवडणुकीच्या बऱ्याच आधी.

आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नसेल, दिसत नसेल, हातानं लिहिता येत नसेल, तर मदतनीस घेण्याचा त्यांना कायद्यानं हक्क आहे. मदतनीस त्यांच्या पसंतीचा. फक्त त्यांचा मालक किंवा त्यांच्या युनियनचा माणूस नको. मराठीत मतपत्रिका मिळत नाही, त्यामुळे आपल्या घरांत ही मदत नेहमीच लागते. मदत करणाऱ्यानं पट्टीवर ठरलेल्या जागी आपलं नाव लिहून सही करायची असते. ती जागा रिकामी सोडू नका. आणि मदत म्हणजे वाचून दाखवणं, ते सांगतील तो लंबगोल भरणं. "बाबा, यालाच द्या" असं म्हणणं नाही. हक्क त्यांचा आहे, साठी-सत्तरीत नव्यानं मिळवलेला आहे.

बंद करणं आणि पोचवणं

मतपत्रिका घडी करून आतल्या पाकिटात. आतलं पाकीट चिकटवायचं. पट्टीवर सही झालीय का पुन्हा बघायचं. पट्टी फाडायची नाही. ती तिथे नको असं वाटून पुष्कळ जण नीटनेटकेपणानं कापून टाकतात आणि मत कुणाचं ते ओळखायची खूणच जाते. पट्टी काढायचं काम बोर्डाचं आहे: ते सही तपासतात, मग पट्टी वेगळी करतात, आणि नाव नसलेलं पाकीट इतरांत मिसळून नंतर उघडतात. तुमचं मत गुप्त राहतं ते असं. आतलं पाकीट बाहेरच्या पाकिटात घाला आणि तेही चिकटवा. तिकीट लावावं लागत नाही.

पोचवायचे तीन मार्ग आहेत. पोस्ट, काउंटीचा ड्रॉप बॉक्स, किंवा बोर्ड ऑफ इलेक्शन्सचं ऑफिस. मतदान केंद्रावर मात्र देता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

मला ड्रॉप बॉक्स सर्वांत भरवशाचा वाटतो. ती पोलादी पेटी दिवसरात्र उघडी असते, तिच्यावर कॅमेरा असतो, निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ वाजता बंद होते. कुठे आहेत त्याची यादी काउंटीच्या वेबसाइटवर असते; तुमच्याच काउंटीची पेटी वापरा. पोस्टानं पाठवणार असाल तर निदान आठवडाभर आधी. निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं पाकीट ६ दिवसांत पोचलं तरी मोजायचं, असा न्यू जर्सीचा कायदा आहे. पण त्यावर विसंबू नका. अशा मुदतींवर देशभर कोर्टात वाद झाले आहेत, नियम बदलू शकतात. शिवाय आज टपालपेटीत टाकलेल्या पाकिटावर शिक्का उद्याचाही पडू शकतो.

दुसऱ्याचं पाकीट नेऊन द्यायलाही मर्यादा आहे. एका माणसाला एका निवडणुकीत तीन मतदारांची पाकिटं नेता येतात, एकाच घरात राहणारं जवळचं कुटुंब असेल तर पाच. नेणाऱ्यानं मतदारासमोर बाहेरच्या पाकिटावर आपलं नाव, पत्ता, सही करायची. उमेदवाराला हे काम करता येत नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात कुणी भल्या मनानं म्हणालं, "द्या इकडे सगळ्यांची, मी टाकतो," तर देऊ नका.

टाकून झालं की राज्याच्या वेबसाइटवर 'ट्रॅक माय बॅलट' मध्ये खातं उघडा. मतपत्रिका निघाली, परत मिळाली, स्वीकारली, हे टप्पे तिथे दिसतात. 'स्वीकारली' दिसेपर्यंत काम संपलं असं धरू नका.

दुसऱ्या राज्यात असाल, किंवा पुण्यात

राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सासमध्ये कारण लागतं: वय ६५ किंवा त्याहून जास्त, आजारपण किंवा अपंगत्व, मतदानाच्या काळात काउंटीबाहेर असणं, बाळंतपण जवळ असणं. पेनसिल्व्हेनियात कारण लागत नाही, पण मतपत्रिका गुप्ततेच्या पाकिटाशिवाय पाठवली तर ती मोजत नाहीत, आणि निवडणुकीच्या रात्री ८ च्या आत ती पोचलीच पाहिजे, नुसता शिक्का चालत नाही. फिलाडेल्फियाच्या मैत्रिणीचा सल्ला एडिसनमध्ये वापरू नका आणि एडिसनचा तिकडे पाठवू नका.

आईची शस्त्रक्रिया, घराचं काम, मुलाची मुंज, काही ना काही निघतं आणि नोव्हेंबरमध्ये आपण भारतात असतो. अमेरिकन नागरिक परदेशी असला तरी त्याचं मत जात नाही. १९८६ चा कायदा त्यासाठीच आहे. 'फेडरल पोस्ट कार्ड अ‍ॅप्लिकेशन' नावाचा एकच अर्ज नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी दोन्हींसाठी चालतो. मतपत्रिका ईमेलवर मागवता येते आणि ती निवडणुकीच्या ४५ दिवस आधी पाठवणं काउंटीला बंधनकारक आहे. वेळेत आली नाही तर कोरी राष्ट्रीय मतपत्रिका मिळते, तीत उमेदवारांची नावं हातानं लिहून पाठवायची. परत पाठवायची रीत काउंटीच्या सूचनांत असते, ती शब्दन् शब्द वाचा. भारतातून पोस्टानं पाठवणार असाल तर तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. हा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा, तेव्हा लांबचा मुक्काम ठरला असेल तर जानेवारीतच भरून टाका.